पगाराची स्लिप, कर आणि युनियन: गेटवर नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी पुणे जिल्ह्यातल्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात बरीच वर्षं पगारपत्रकं केली आणि पुढे युनियनचा खजिनदार झालो. त्यामुळे "भाऊ, हे किती कापलं?" हा प्रश्न मी खिडकीच्या दोन्ही बाजूंनी ऐकलाय. कँटीनमध्ये, गेट मीटिंगनंतर, कधी लग्नाच्या पंगतीतही लोक खिशातून स्लिप काढतात. तेच प्रश्न इथे एकत्र केलेत. आयकराचे आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आहेत.

स्लिपवर कपात साडेतीन हजार दिसते. एवढा टॅक्स?

नाही. स्लिपच्या उजव्या बाजूला जे जे लिहिलंय ते सगळं टॅक्स नसतं, हे आधी डोक्यात पक्कं बसवा.

पीएफचे १२ टक्के तुमचेच आहेत. कंपनीही १२ टक्के घालते. त्यातले ८.३३ टक्के पेन्शन योजनेत जातात (तेही १५,००० च्या पगारावर, म्हणजे जास्तीत जास्त १,२५० रुपये) आणि उरलेले तुमच्या पीएफ खात्यात. ईएसआयचे ०.७५ टक्के म्हणजे कर्मचारी राज्य विमा. कंपनीचा त्यात ३.२५ टक्के वाटा असतो, पण तो स्लिपवर कपातीत दिसत नाही म्हणून कुणाला आठवत नाही. युनियनची वर्गणी आणि सोसायटीचा हप्ता तुम्ही लेखी संमती दिलीत म्हणून कापला जातो. कँटीनचे पैसे तुम्ही खाल्लेले असतात.

सरकारच्या तिजोरीत जाणारा खरा कर दोनच ओळींत असतो, व्यवसाय कर आणि आयकर. मशीनवर काम करणाऱ्या बहुतेकांच्या स्लिपवर आयकराच्या ओळीत शून्य असतं. म्हणजे साडेतीन हजारांत कर २०० रुपये.

ते दोनशे रुपये कसले? आणि फेब्रुवारीत तीनशे का?

दरवर्षी मार्चच्या पहिल्या आठवड्यात माझ्या खिडकीवर यासाठी रांग लागायची. "लीप वर्ष आहे म्हणून का?" असंही एकानं विचारलं होतं.

हा व्यवसाय कर. राज्यघटनेच्या कलम २७६ नं या कराला एका माणसामागे वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे. महाराष्ट्रानं ती शेवटच्या रुपयापर्यंत वापरली. अकरा महिने २०० म्हणजे २,२००, आणि फेब्रुवारीचे ३००. झाले अडीच हजार. पुरुषाचा महिन्याचा पगार साडेसात हजारांपर्यंत असेल तर हा कर नाही, दहा हजारांपर्यंत १७५ रुपये, त्यापुढे दोनशे. बाईचा पगार २५,००० पर्यंत असेल तर १ एप्रिल २०२३ पासून काहीच नाही. अपंग कामगारालाही माफी आहे, पण दाखला ऑफिसात दिला तरच. आमच्याकडे एकजण सहा वर्षं दाखला घरी ट्रंकेत ठेवून कर भरत होता. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

गंमत बघा, बारा हजार मिळवणारा हेल्पर आणि दीड लाख मिळवणारा मॅनेजर, दोघांचा व्यवसाय कर सारखाच. माझ्या मते हा या करातला सगळ्यात मोठा दोष आहे. दिल्लीत, हरियाणात हा कर नाहीच.

मग हा कर बंद करा अशी मागणी युनियन का करत नाही?

अधूनमधून करतात. पण या कराचा जन्म ठाऊक असला की जीभ थोडी अडखळते.

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातली लाखो माणसं खडी फोडत होती, पाझर तलाव खणत होती. त्याआधी १९६५ साली वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यात, मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग केला होता. पागे विधान परिषदेचे सभापती. दुष्काळानंतर ही योजना कायमची करायची तर पैसा आणायचा कुठून, असा प्रश्न आला. उत्तर निघालं की शहरातल्या नोकरदारांच्या, व्यावसायिकांच्या पगारातून थोडं घ्यायचं. व्यवसाय कराचा कायदा १९७५ चा, आणि रोजगार हमीचा कायदा १९७७ चा. करातून जेवढी रक्कम जमेल तेवढीच भर सरकारनं घालायची, अशी रचना होती. दिल्लीनं देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला तो २००५ साली, म्हणजे आपल्यानंतर जवळपास तीस वर्षांनी.

चाकणच्या कारखान्यातला माणूस बहुधा बीड, लातूर, जालन्याकडून आलेला असतो. त्याच्या दोनशे रुपयांतून त्याच्याच गावच्या नाल्यावर बांध पडला असेल. आज ते पैसे तिकडेच जातात का, हा हिशेब विचारायचा हक्क मात्र आहे, आणि युनियननं तो विचारला पाहिजे. कर बंद करण्यापेक्षा टप्पे नव्यानं ठरवा, दहा हजारांची ओळ वर न्या, ही मागणी मला जास्त पटते.

जून आणि डिसेंबरमध्ये २५ रुपये जास्त जातात, ते?

महाराष्ट्र कामगार कल्याण निधी. तुमचे २५, कंपनीचे ७५, सहा महिन्यांतून एकदा. आधी तुमचे १२ आणि कंपनीचे ३६ होते, २०२४ मध्ये वाढले. कायदा १९५३ चा. यातून कल्याण केंद्रं, वाचनालयं, शिवणवर्ग, मुलांच्या शिष्यवृत्त्या आणि कामगार नाट्य स्पर्धा चालतात. मुलाला शिष्यवृत्ती मिळू शकते हे शंभरातल्या नव्वदांना माहीत नसतं. अर्ज करा. पैसे गेलेलेच आहेत.

मी तर टॅक्स भरतच नाही. माझा पगारच अठरा हजार.

हे वाक्य ऐकलं की मला राहवत नाही. खिशातला मोबाइल काढा. २९९ रुपयांचं रिचार्ज मारलंत की त्यातले ४५ रुपये ६० पैसे जीएसटीचे. मोटरसायकलमध्ये पेट्रोल भरलंत की केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट दोन्ही भरलेत. मॅनेजरही तेवढंच भरतो, फरक इतकाच की त्याला ते जाणवत नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, टूथपेस्ट, केसाचं तेल, बिस्किटं १८ किंवा १२ टक्क्यांवरून ५ वर आली, आणि वैयक्तिक आयुर्विमा व आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी गेला. सुटं धान्य घेतलंत तर कर नाही, तेच २५ किलोपर्यंतच्या छापील पिशवीतून घेतलंत तर ५ टक्के. म्हणून आमची मावशी अजून भुसार दुकानातून गोणीतले तांदूळ मोजून आणते. तिला जीएसटी कळत नाही, पण भाव कळतो.

आता यात युनियन कुठे आली? महागाई भत्त्यात, म्हणजे डीएत. अशा करांमुळे वस्तू महागल्या की कामगार वर्गाचा ग्राहक किंमत निर्देशांक वर जातो. तो लेबर ब्युरो दर महिन्याला काढतं. ज्यांच्या करारात डीए या निर्देशांकाला जोडलेला आहे, त्यांचा पगार आपोआप थोडा सरकतो. ज्यांच्या करारात "फिक्स डीए" आहे किंवा डीएच नाही, त्यांच्यावर महागाई आणि कर दोन्ही थेट आदळतात. गेल्या वीस वर्षांत बऱ्याच कारखान्यांनी जोडलेला डीए काढून एकरकमी आकडा आणला. त्या वेळी टेबलावर आकडा मोठा दिसला म्हणून कमिट्यांनी सह्या केल्या. माझीही एक सही त्यात आहे.

करार आठ हजारांचा झाला म्हणतात, हातात पाचच वाढले. तीन हजार युनियननं खाल्ले का?

नाही. आठ हजार हा सीटीसीचा, म्हणजे तुमच्यामागे कंपनीला पडणाऱ्या एकूण खर्चाचा आकडा असतो. त्यात कंपनीचा पीएफचा वाटा असतो, ग्रॅच्युइटीची (नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी पैशांची) तरतूद असते, विम्याचा हप्ता असतो, कधी बसभाडं आणि कँटीनची सबसिडीसुद्धा असते. गेट मीटिंगमध्ये हार घालून घेताना पुढारी मोठा आकडा सांगतात, हा दोष आमचा. मान्य.

पण खरं बघायचं वेगळंच आहे. किती वाढले यापेक्षा कुठल्या खान्यात वाढले, ते बघा. वीस वर्षं नोकरी झालेले दोन कामगार घ्या, दोघांनाही तीस हजार. एकाचं बेसिक आणि डीए मिळून १८,०००, दुसऱ्याचं १२,०००, बाकी सगळं भत्त्यांत. ग्रॅच्युइटी मोजतात ती शेवटच्या बेसिक-डीएला २६ नं भागून, १५ नं गुणून, पुन्हा वर्षांनी गुणून. पहिल्याला २ लाख ७ हजार ६९२ मिळतील. दुसऱ्याला १ लाख ३८ हजार ४६१. घाम सारखा गाळला, पण निवृत्तीच्या दिवशी ६९ हजारांचा फरक. आणि ही रक्कम खासगी नोकरीत २० लाखांपर्यंत करमुक्त आहे, म्हणजे पूर्ण हातात येते.

भत्त्यांत वाढ घेतली की आज हातात जास्त दिसतं, कारण त्यावर सहसा पीएफ कापत नाहीत. तरुण पोरांना तेच हवं असतं, कारण गाडीचा हप्ता आजचा असतो. पन्नाशीच्या माणसाला बेसिक हवं असतं. करार करताना कमिटीची खरी भांडणं मॅनेजमेंटशी कमी आणि या दोन गटांत जास्त होतात.

नव्या कामगार संहितांनी यात काही फरक पडला का?

जुने कामगार कायदे एकत्र करून केलेल्या चारही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्रानं लागू केल्या. वेतनाची व्याख्या बदलली. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनातच धरायचा. वरच्या उदाहरणातल्या दुसऱ्या कामगाराची ग्रॅच्युइटी मग १२,००० वर न मोजता १५,००० वर मोजावी लागेल. ठरावीक मुदतीच्या कामगाराला एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटीचा हक्क आला. ही चांगली बाजू.

दुसरी बाजूही आहे. कुठल्याही औद्योगिक आस्थापनेत संपाआधी १४ दिवसांची नोटीस द्यावी लागते, निम्म्या लोकांनी ठरवून एकाच दिवशी रजा टाकली तरी तो संपच धरतात, आणि सरकारच्या परवानगीशिवाय कामगार कपात करण्याची किंवा कारखाना बंद करण्याची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर गेली. दोनशे नव्वद माणसांचा कारखाना आता कितीतरी मोकळा झाला. पीएफ वाढून हातातला पगार घटेल अशी भीती पसरली होती. ज्यांचा पीएफ १५,००० च्या मर्यादेवरच कापला जातो त्यांच्या बाबतीत ती भीती खोटी आहे.

दोन वर्षांची थकबाकी एकदम मिळाली आणि टॅक्सनं अर्धी गेली. काही उपाय?

आहे, आणि तो न केल्यामुळे लोक दरवर्षी हजारो रुपये सोडून देतात. म्हणून जरा आकड्यांत सांगतो.

मोठ्या वाहन कारखान्यातला एक जुना परमनंट घ्या. वार्षिक पगार १२ लाख २० हजार. आयकराच्या नव्या पद्धतीत ७५,००० ची प्रमाणित वजावट गेली की राहतात ११ लाख ४५ हजार. बारा लाखांपर्यंत सूट असल्यामुळे कर शून्य. करार एप्रिल २०२३ पासून लागू होणार होता, रखडला आणि २०२५ च्या मे महिन्यात सह्या झाल्या. महिना ५,००० प्रमाणे मागच्या २४ महिन्यांची थकबाकी १ लाख २० हजार एकदम आली. आता करपात्र उत्पन्न १२ लाख ६५ हजार. सूट गेली. बारा लाखांवर जेवढे जास्त तेवढाच कर, असा दिलासा असतो, तरी ६५,००० आणि त्यावर ४ टक्के उपकर मिळून ६७,६०० रुपये कापले गेले.

पण ही रक्कम मागच्या दोन वर्षांची आहे. त्या दोन वर्षांत त्याचं करपात्र उत्पन्न साडेदहा लाखांच्या आसपास होतं असं धरा. तेव्हाच मिळाले असते तर दरवर्षी ६०,००० वर १५ टक्क्यांनी ९,००० लागले असते. दोन्ही वर्षं उपकरासह १८,७२०. वरचे ४८,८८० रुपये परत मिळतात. आयकराच्या १९६१ च्या कायद्यात हे कलम ८९, आणि त्यासाठी फॉर्म १०ई. रिटर्न भरण्याच्या आधी तो पोर्टलवर ऑनलाइन भरायचा. फॉर्म न भरता रिटर्नमध्ये नुसती सवलत मागितली तर नोटीस येते. चांगली कमिटी कराराच्या सह्या झाल्या की सीएला गेटवर बसवून सगळ्यांचे फॉर्म एकदमच भरून घेते. आम्ही एका वर्षी कँटीनमध्ये दोन लॅपटॉप लावून रविवारी हे केलं. त्या दिवशी जेवढ्यांनी युनियनची पावती फाडली तेवढ्या पावत्या संपाच्या वर्षातही फाटल्या नव्हत्या.

ओव्हरटाइम केला की टॅक्सच वाढतो. मग मरमर कशाला करायची?

कर फक्त वरच्या टप्प्यातल्या रुपयांवर वाढतो, सगळ्या पगारावर नाही. एक अपवाद वर आलाच, बारा लाखांची ओळ. ती ओलांडल्यावर काही हजारांपर्यंत वाढलेला जवळपास प्रत्येक रुपया करातच जातो. १२ लाख ७५ हजार पगार असेल तर शून्य कर, १२ लाख ८५ हजार झाला तर १०,४०० कर, म्हणजे दहा हजार जास्त कमावून ४०० चा तोटा. या ओळीजवळ असाल तर मार्चचा ओव्हरटाइम खुशाल सोडा. बाकीच्यांनी दुप्पट दरानं पैसे मिळतायत ना, हे आधी तपासा. ओव्हरटाइमचे पैसे एकेरी दरानं, तेही स्लिपबाहेर रोखीत देणारे बरेच आहेत.

पगारवाढ नको असं कुणी म्हणतं का?

म्हणतं. माझ्यासमोर म्हटलंय.

पेंट शॉपमधल्या एकाच्या बायकोचं डायलिसिस ईएसआयवर चालू होतं. आठवड्यातून दोनदा, पूर्ण मोफत. त्याचा पगार २०,७०० च्या आसपास. करारात ४०० वाढणार होते आणि ईएसआयची मर्यादा २१,०००. तो कमिटीच्या खोलीत आला, दार लावलं आणि म्हणाला, "साहेब, माझे चारशे तुम्ही घ्या, पण मला वर नेऊ नका." एकट्याची वाढ थांबवता येत नाही. आम्ही काय केलं, तर वाढीची तारीख ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ढकलली. ईएसआयचे हप्त्याचे काळ एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे असतात. काळ सुरू होताना तुम्ही मर्यादेत असाल तर तो संपेपर्यंत बाहेर काढत नाहीत, आणि त्या हप्त्यांवरचा लाभ पुढच्या लाभकाळातही चालतो. एवढ्या वेळात कंपनीच्या गट विम्यात डायलिसिस बसवून घेतलं. सगळ्या करारात मला अभिमान वाटावा अशी गोष्ट ती एकच. वर्तमानपत्रात मात्र फोटो आला हारांचा.

युनियनच्या वर्गणीवर करात सूट मिळते का?

नाही. मालक आपल्या संघटनेला जी वर्गणी देतो ती त्याच्या धंद्याचा खर्च म्हणून वजा होते. कामगार देतो ती होत नाही. का, ते विचारू नका, मलाही कळलेलं नाही. नोंदणीकृत युनियनला स्वतःला घरभाडं, व्याज अशा उत्पन्नावर आयकरातून सूट आहे, इतकंच.

वर्गणी न भरताही करार मिळतोच की. मग का भरायची?

सरकारी समेट अधिकाऱ्यापुढे झालेला करार, ज्याला जुनी माणसं जुन्या कायद्यातल्या कलम १२(३) वरून अजून "बारा-तीनचा करार" म्हणतात, तो कारखान्यातल्या सगळ्यांना लागू होतो. पावती फाडली असो वा नसो. आपापसात झालेला करार फक्त सह्या करणाऱ्यांना बांधतो. त्यामुळे तुमचं म्हणणं खोटं नाही.

फक्त एक लक्षात घ्या. वाटाघाटीला कोण बसणार हे सभासदांच्या आकड्यावर ठरतं. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात ३० टक्के सभासद सलग सहा महिने असतील तर औद्योगिक न्यायालयातून मान्यता घेता येत असे. नव्या संहितेत हजेरीपटावरच्या ५१ टक्क्यांचा पाठिंबा लागतो. तेवढा कुणाकडेच नसेल तर २० टक्क्यांवरच्या युनियनांची परिषद बसते. वर्गणी न भरणारे निम्मे असले की टेबलावर एकापेक्षा जास्त तोंडं, आणि समोर मालकाचं एकच. मान्यतेच्या आकड्यानं काय होऊ शकतं ते मुंबईच्या गिरणगावानं पाहिलंय. १८ जानेवारी १९८२ ला कामगार पुढारी डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. पण १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानं बोलणी करण्याचा हक्क राष्ट्रीय मिल मजदूर संघ या मान्यताप्राप्त युनियनलाच होता. कामगार एकीकडे आणि कायदेशीर सही दुसरीकडे. तो पेच अखेरपर्यंत सुटला नाही.

वर्गणीचा पैसा राजकारणात जातो का?

कायद्यानं राजकीय निधी वेगळा ठेवावा लागतो, आणि त्यात पैसे घालायची सक्ती कुणावर करता येत नाही. तुम्ही सभासद असाल तर युनियनची वह्या-खाती बघायचा हक्क आहे. मागा. खजिनदार कपाळाला आठ्या घालेल, मीही घालायचो. तरी मागा.

संपाच्या दिवसांचा पगार जातो तो किती?

काम नाही तर दाम नाही. शिवाय दहा किंवा जास्त जणांनी मिळून नोटीस न देता काम बंद केलं तर आणखी आठ दिवसांपर्यंतचा पगार कापता येतो. एका दिवसाच्या रागाची किंमत नऊ दिवस होऊ शकते, म्हणून नोटिशीची पोच जपून ठेवा.

ठेकेदाराच्या माणसाला घेणं स्वस्त पडतं म्हणतात. करानंही तसंच होतं का?

उलट आहे, आणि हा मुद्दा युनियनांनी फारसा वापरलेला नाही. कंपनी स्वतःच्या कामगाराला पगार देते त्यावर जीएसटी लागत नाही. ठेकेदाराच्या बिलावर मात्र मजुरी, पीएफ, त्याचं कमिशन या सगळ्याच्या बेरजेवर १८ टक्के लागतो. कारखान्याला तो पुढे वजा करून घेता येतो, म्हणून त्याला फरक पडत नाही. पण खासगी रुग्णालयं घ्या. त्यांच्या सेवेवर जीएसटी नाही, म्हणून त्यांना हा १८ टक्के परत मिळत नाही. तिथली सफाई कामगार बाई ठेक्यावर ठेवण्यापेक्षा थेट नेमली तर तोच पैसा तिच्या पगारात देता येईल. मागणीपत्रात हा हिशेब मांडून बघा.

ज्यांना स्लिपच नाही त्यांचं काय? हमाल, ऊसतोड, बांधकाम?

त्यांच्यासाठी महाराष्ट्रात लढून एक वेगळीच पद्धत उभी राहिली. मालक एक नसतो, रोज बदलतो. मग सगळ्या मालकांकडून टक्केवारीनं पैसे घ्यायचे आणि मंडळानं ते सांभाळायचे. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईच्या गोद्यांतल्या, बाजारातल्या माथाड्यांना एकत्र आणलं आणि १९६९ चा माथाडी कायदा झाला. व्यापारी हमाली मंडळात भरतो, वर लेव्ही भरतो. त्या लेव्हीतून टोळीतल्या माणसाला पीएफ, ग्रॅच्युइटी, रजा, बोनस, औषधपाणी मिळतं. पाठीवर पोतं घेणाऱ्याला ग्रॅच्युइटी ही कल्पनाच त्या काळी लोकांना हसू आणणारी होती. व्यापारी लेव्हीला कर म्हणतात. मी तिला उशिरा दिलेला पगार म्हणतो.

बांधकामात इमारतीच्या खर्चाच्या १ टक्का उपकर कल्याण मंडळाकडे जातो. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला दिला की कामगाराची नोंदणी होते. घोडं अडतं ते दाखल्यापाशी, कारण ठेकेदार सही देत नाही. ऊसतोडीत कारखान्यांकडून टनामागे १० रुपये गोपीनाथ मुंडे महामंडळासाठी ठरले. दर मात्र ठरतो संघटना आणि साखर संघ यांच्या कराराने. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. पण कोयत्याची (ऊस तोडणाऱ्या जोडप्याची) आगाऊ उचल मुकादमाच्या वहीत असते आणि त्या वहीला कुठलीच स्लिप नाही.

एसटीच्या संपात कराचा काय संबंध होता?

लोकांनी फक्त एसटीच्या राज्य सरकारात विलीनीकरणाची घोषणा ऐकली. पण संघटनांचं एक जुनं म्हणणं हिशेबाचं आहे. एसटीच्या तिकिटावर १७.५ टक्के प्रवासी कर आहे. शंभर रुपये भाडं असेल तर वर साडेसतरा सरकारचे. डिझेलवर पुन्हा कर. हा पैसा सरकारला जातो, एसटी तोट्यात दिसते, मग पगाराला पैसे नाहीत म्हणून सांगतात, आणि सरकारच "मदत" म्हणून पैसे परत देतं. २०२१ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत चाललेल्या संपात हा मुद्दा आगारांच्या दारात बोलला जायचा, टीव्हीवर क्वचित. विलीनीकरण काही झालं नाही.

मी सात वर्षं ठेक्यावर आहे. स्लिप कधीच मिळाली नाही. सुरुवात कुठून करू?

मोबाइलवर यूएएन (पीएफसाठी मिळणारा तुमचा कायमचा क्रमांक) टाकून पीएफचं पासबुक उघडा. कुठल्या महिन्यात, कुठल्या ठेकेदारानं, किती वेतनावर पैसे भरले ते तिथे ओळीनं दिसतं. यूएएनच नसेल तर तीच पहिली तक्रार. बँकेच्या खात्याचा उतारा काढा. हजेरी कार्डाचे, गेटपासचे फोटो काढून ठेवा, कारण ठेकेदार बदलला की पहिल्यांदा गेटपासच काढून घेतात. वेतनचिठ्ठी लेखी मागा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच देत नसतील तर रजिस्टर पोस्टानं पाठवा. एकट्यानं अर्ज करू नका, पाच-सहा जणांच्या सह्या एकाच कागदावर घ्या, आणि सह्या गोल आकारात घ्या म्हणजे पहिलं नाव कुणाचं ते कळत नाही.

मग तो कागद घेऊन या. मी रविवारी सकाळी दहापासून युनियनच्या खोलीत असतो.